भाऊंचा पक्ष गेला, दुपट्टे माझ्या घरी राहिले

आधीच माफी मागून ठेवते. माझं शुद्धलेखन कच्चं आहे. वेलांटी पहिली द्यायची की दुसरी, हे मला अजून ठरवता येत नाही, आणि अक्षर तर असं की माझी लेक म्हणते, आई, तुझ्या ओळी उताराला लागल्यासारख्या खाली घसरतात. चौथी झाल्यावर माझी शाळा बंद झाली. धाकटी भावंडं सांभाळायला कोणीतरी हवं होतं आणि घरात सगळ्यात गरीब स्वभावाची मीच होते. लेकीच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी राहिली होती, ती वाया जाऊ नयेत म्हणून लिहिते आहे. कोणी वाचावं अशी इच्छा नाही. वाचलंच कोणी, तर चुका पोटात घालाव्या.

मला बोलता येत नाही म्हणूनही लिहिते. मुकी नाही मी. पण समोर माणूस आला की माझे शब्द आत पळून जातात. चार बायकांत बसले तरी मी सुपारी कातरल्यासारखी खाली मान घालून बसते, आणि घरी आल्यावर भांडी घासताना मला सगळी उत्तरं सुचतात. त्या भांड्यांनी माझी जेवढी भाषणं ऐकली आहेत तेवढी कोणी ऐकली नाहीत.

आमचं घर नागपुरात, हुडकेश्वरला आहे. आमचे हे हिंगण्याच्या एका कारखान्यात आहेत, कंपनीच्या बसने जातात आणि येतात. मी घरी मशीनवर झेंडे शिवते. पूर्वी ब्लाउज शिवायची. पण ब्लाउजवाल्या बायका घालून बघतात, आरशात वळून बघतात, बाही सैल झाली म्हणून परत आणतात. झेंडा कधी सैल होत नाही. शिवाय ब्लाउज माणूस वर्षाला चार शिवतो. झेंड्याचं तसं नाही. गेल्या काही वर्षांत लोकांना झेंड्यांची भूक फार लागली आहे. पूर्वी देवळावर एक असायचा, विहारावर एक असायचा. आता प्रत्येक गच्चीवर, प्रत्येक विजेच्या खांबावर, मोटरसायकलच्या आरशावर, ऑटोच्या मागे. माझा सगळा संसार या भुकेवर चालतो, म्हणून मी फार नावं ठेवू नयेत. पण ठेवते.

माझं कॅलेंडर झेंड्यांचं आहे. रामनवमीला भगवे, जयंतीला निळे, ईदला हिरवे, पंधरा ऑगस्टला तिरंगे, दीक्षाभूमीच्या दिवसाआधी पंचशीलाचे, पाच रंगांचे. मशीन एकच, सुईही एकच. फक्त रीळ बदलायचं. आणि निवडणूक आली की पक्षांचे दुपट्टे. निवडणुकीचा हंगाम ठरलेला नसतो, त्यात घाई फार असते. पैसे द्यायच्या वेळेला ती घाई कुठे जाते ते मला कळलेलं नाही.

आम्ही बौद्ध. माझ्या आजाने दीक्षाभूमीवर दीक्षा घेतलेली. त्यामुळे मी भगवे झेंडे शिवायला लागले तेव्हा दोन्हीकडून गंमत झाली. आमच्या विहारातल्या एक ताई, नोकरी करणाऱ्या, शिकलेल्या, मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “काहून वं, तुले दुसरं काम नाही भेटत? आपल्या आजाने काय सोडलं अन् तू काय शिवून राहिली?” मी मान खाली घातली. घरी आल्यावर कढईला म्हटलं की ताई, तुमच्या मुलाच्या लग्नात तुम्ही बॅन्डवाल्याची जात विचारली होती का? पुढच्या आठवड्यात त्याच ताईंनी मला विहाराचे पडदे शिवायला दिले. ते धम्मदान म्हणून. म्हणजे फुकट.

दुसरी गंमत यापेक्षा मोठी. रामनवमीच्या मंडळाचे एक गृहस्थ झेंडे न्यायला आले. गठ्ठे मोजून घेतले, शिलाई ओढून पाहिली, काम चांगलं आहे म्हणाले. मग खिशातून छोटी बाटली काढली आणि गठ्ठ्यांवर शिंतोडे मारायला लागले. समोरच्या मावशी तेव्हा माझ्याकडे बसल्या होत्या. मावशी वर्ध्याकडच्या शेतकरी घरातल्या, घरात देवघर, एकादशीचा उपास, सगळं. त्यांनी विचारलं, “हे काय गा?”

“काही नाही काकू, गंगाजल. शुद्ध करून घेतो.”

“काहून? हिनं काय चिखलात शिवले?”

गृहस्थ हसले आणि काहीतरी पुटपुटले. मावशी काही सोडणाऱ्यातल्या नाहीत. “कपडा गुजरातचा. विणणारा कोण, माहीत नाही. रंगवणारा कोण, माहीत नाही. इतवारीच्या बाजारातून हमालाच्या डोक्यावर आला, तो हमाल कोण, माहीत नाही. अन् बाटली एथंच उघडली काय?”

गृहस्थांनी बाटलीचं टोपण लावलं. मी आतून पाणी आणून दिलं, ते त्यांनी घेतलं नाही. पैसे मात्र पूर्ण दिले आणि वेळेवर दिले, हे मी लिहिलं नाही तर अन्याय होईल. सगळ्या धर्मांच्या लोकांनी माझे पैसे दिले आहेत. कोणी शिंतोडे मारून, कोणी उपदेश करून, कोणी घासाघीस करून, पण दिले. बुडवले ते ज्याला सगळेच धर्म प्रिय आहेत त्याने.

त्यांना आम्ही भाऊ म्हणतो. भाऊंचं घर आमच्या रस्त्याच्या टोकाला, दोन मजली, गेटवर दोन सिंह. त्यांना नगरसेवक व्हायचं होतं आणि निवडणूक काही लागत नव्हती, म्हणून ते रिकाम्या वेळेत धर्म करायचे. रामनवमीला कपाळभर टिळा लावून रथापुढे. जयंतीला निळा फेटा बांधून डीजेपुढे. रमजानमध्ये जाळीची टोपी घालून खजुराच्या ताटापुढे. नाताळला लाल टोपीसुद्धा मी पाहिली आहे. चौकातल्या फ्लेक्सवर त्यांचा फोटो कायम, हात जोडलेला. फक्त डोक्यावरचं बदलायचं. एका वर्षात इतके सण इतक्या भक्तीने करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. आमच्या गल्लीतल्या बायकांच्या खात्यात सरकारी योजनेचे पैसे जमा झाले, तर त्याचाही फ्लेक्स भाऊंचा. मावशी म्हणाल्या, “माह्या नवऱ्यानं लग्नात घातलेल्या पोतीवर याचा फोटो नाही, एवढंच राहिलं.”

तर उन्हाळा संपता संपता भाऊंचा माणूस माझ्याकडे आला. पक्षाचा मोठा मेळावा आहे, मंत्री येणार, दुपट्टे पाहिजेत. कापड मीच आणायचं, कापून शिवून द्यायचं, छपाई ते करून घेणार. कापड आणि शिलाई मिळून अठरा हजार. एवढं मोठं काम मला एकाच माणसाकडून कधी आलं नव्हतं. मी आगाऊ रक्कम मागायला तोंड उघडलं आणि त्यातून “बरं” एवढंच निघालं.

इतवारीतल्या ज्या शेठकडून मी कापड घेते, त्यांच्याशी माझा रोखीचा व्यवहार. गर्दीत हातगाड्यांमधून अंग चोरत त्यांच्या दुकानी गेले आणि पहिल्यांदाच उधार मागितलं. खरं तर मागितलं नाही, कापडाच्या ताक्याकडे बघत उभी राहिले. शेठच म्हणाले, “बाई, पैसा नहीं है क्या? ले जाओ. तुम्हारी जबान पे देता हूँ.” मला हसू आलं. माझ्या जबानीवर आजपर्यंत कोणी काही दिलं नव्हतं, कारण ती कोणी ऐकलीच नव्हती. अकरा हजारांचं कापड. पोळ्यापर्यंत द्यायचं ठरलं. दीक्षाभूमीच्या दिवसाचं काम पोळ्यानंतर लगेच सुरू होतं, आणि ते कापडही शेठच देणार होते. वर्षभरातली माझी खरी कमाई त्याच कामात होते.

मी शिवले. लेकीने धागे कापले. छपाई होऊन दुपट्टे परत काठ मारायला आले तेव्हा मी पहिल्यांदा ते नीट पाहिले. एका टोकाला पक्षाचं चिन्ह. दुसऱ्या टोकाला भाऊंचा फोटो, हात जोडलेला, आणि खाली त्यांचं पूर्ण नाव. आमच्याकडे ही पद्धतच आहे. पाणपोई असो, रुग्णवाहिका असो, मेलेल्या माणसाच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स असो, मेलेल्यापेक्षा श्रद्धांजली देणाऱ्याचा फोटो मोठा. पण दुसऱ्याच्या गळ्यात घालायच्या कापडावर स्वतःचं तोंड छापायचं, हे भाऊंनाच सुचलं. छापणाऱ्याने आपले पैसे आधीच घेतले होते. त्याला बोलता येत होतं.

गठ्ठे बांधून ठेवले आणि मी भाऊंच्या माणसाची वाट पाहत बसले. तो आला नाही. दोन दिवसांनी संध्याकाळी आमचे हे टीव्हीपुढे चहा पीत होते. त्यांना बातम्यांचं व्यसन आहे. टीव्हीत सहा माणसं सहा खिडक्यांतून एकमेकांवर ओरडतात आणि आमचे हे खाटेवरून त्या सहांवर ओरडतात. अचानक ते ओरडायचे थांबले.

“अवं, इकडं ये! तुहे भाऊ तं पलटले!”

मी पीठ लागलेल्या हातांनी धावत गेले. मुंबईत कुठेतरी मोठ्या हॉलमध्ये भाऊ उभे होते, हात जोडलेले, आणि कोणीतरी त्यांच्या गळ्यात दुसऱ्याच पक्षाचा दुपट्टा घालत होतं. भाऊ म्हणत होते की जुन्या पक्षात त्यांचा जीव गुदमरत होता.

“आठ दिवसाआधी तं मंत्र्याच्या गाडीत होते ना गा,” आमचे हे टीव्हीलाच म्हणाले. “एसी बंद होता काय?”

मी कोपऱ्यातल्या गठ्ठ्यांकडे पाहिलं. माझा जीव खरोखरच गुदमरला.

भाऊ मुंबईहून आले, फटाके फुटले, पेढे वाटले गेले. आमच्याही घरी पेढा आला. मी दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेले. बाहेरच्या खोलीत लोक बसले होते, मीही एका खुर्चीच्या टोकावर बसले. वहिनींनी चहा पाठवला. चहा घेतला, कप धुवून ठेवावा का याचा विचार केला, आणि उठून घरी आले. पुन्हा गेले, पुन्हा चहा घेतला. तिसऱ्या वेळी मावशी सोबत आल्या, कारण त्या म्हणाल्या की असंच चाललं तर तू अठरा हजाराचा चहा पिऊन येशील.

मावशींनी सरळ विषय काढला. भाऊ गोड बोलले. “मावशी, मी तिचं नुकसान होऊ देणार नाही. पण समजून घ्या. ते दुपट्टे त्या पक्षाचे. मी आता त्या पक्षात नाही. त्यांच्या मालाचे पैसे मी कसे देऊ? माझ्या नैतिकतेत बसत नाही.”

“फोटो तं तुमचाच आहे ना भाऊ त्याच्यावर.”

“फोटो माझा आहे, विचार त्यांचा आहे.”

 घरी येईपर्यंत मावशी म्हणत होत्या, “विचार म्हणते बाप्पा. विचार!”

मग जुन्या पक्षाच्या कार्यालयात गेलो. तिथल्या अध्यक्षांनी दुपट्टा हातात घेतला, आमच्या पक्षाचं चिन्ह म्हणून कपाळाला लावला, मग उलटा केला आणि भाऊंचा फोटो पाहून विंचू चावल्यासारखा टेबलावर टाकला. “या गद्दाराचं तोंड आम्ही लोकांच्या गळ्यात बांधू? त्यालेच माग पैसे.” मी मान हलवली. ते बरोबर बोलत होते. भाऊही एका परीने बरोबर बोलत होते. या शहरात मला भेटलेली सगळी माणसं नेहमी बरोबरच बोलतात. कापडाचे पैसे मात्र माझ्या डोक्यावर.

गठ्ठे घरात पडून राहिले. आमचं घर दोन खोल्यांचं. जेवायला बसलं की भाऊ हात जोडून समोर. मावशी म्हणाल्या, “फरशी पुसायले घे.” पण रोज सकाळी एका माणसाच्या तोंडाने फरशी पुसायची, हे मला जमेना. लेकीने एक कूलरवर टाकला. कूलर सुरू झाला की भाऊ फडफडायचे.

पोळा जवळ आला तशी माझी झोप कमी झाली. शेठचा फोन एकदा आला. रागावले नाहीत, हेच वाईट. म्हणाले, “बाई, पोला आ रहा है. तुम तो समझदार हो.” रागावलेल्या माणसाला उत्तर नाही दिलं तरी चालतं. समजूतदार म्हणणाऱ्याला काय सांगायचं? पैसे दिले नाहीत तर पंचशीलाचं कापड मिळणार नाही, हे त्यांनी म्हटलं नाही, पण ते ठरलेलंच होतं. आमच्या ह्यांनी कंपनीतून उचल घ्यायचं म्हटलं, पण ती आधीच घेतलेली होती, घराच्या पत्र्यांसाठी.

अशात माझे दादा आले. माझं माहेर इतवारीच्या मागच्या गल्लीत. तिथे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक निघते. काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे बायकांचे दोन मोठे पुतळे, ते तर असतातच, पण त्यांच्यासोबत बडगे निघतात. बडग्या म्हणजे बांबू, भाताचं तनस आणि कागदाचा मोठा पुतळा. ज्या गोष्टीचा लोकांना वर्षभर ताप झाला तिचा तो पुतळा. महागाईचा बडग्या, खड्ड्यांचा बडग्या, पेपर फोडणाऱ्यांचा बडग्या. गळ्यात पाट्या लटकवायच्या, गल्लोगल्ली फिरवायचं, शिव्या घालायच्या आणि शेवटी जाळायचं. सारं नागपूर बघायला येतं. दादा आणि त्यांचे मित्र दरवर्षी एक बडग्या बनवतात. आम्ही बौद्ध असून हे कसं, असं कोणी विचारलं की दादा म्हणतात, “बडग्या काय देव आहे? त्याले तं शिव्या खायलेच बनवते. त्याले कोणता धर्म लागते?”

बडग्याचा सदरा दरवर्षी मी शिवते. त्या मापाचा सदरा शिवणं मला आवडतं, कारण बडग्या तो घालून बघत नाही.

दादा माप घेऊन आले होते. म्हणाले, “यंदा पक्षबदलूचा बडग्या आहे. चार तोंडं, चारी दिशेले हात जोडून राहिला. सदरा कसा करते बोल.” मग त्यांची नजर गठ्ठ्यांवर गेली. उठून एक दुपट्टा ओढला. उलटा केला. दारातल्या उजेडात धरून पाहिला.

“हे काय वं बाई?”

मी सगळं सांगितलं. दादांपुढे मला बोलता येतं.

“अन् तू पैशासाठी रडून राहिली? सदरा शिवूच नको. हेच सारे गळ्यात घालतो त्याच्या. एकावर एक. मानेपासून गुडघ्यापर्यंत.”

“नको दादा. नाव आहे त्याच्यावर. फोटो आहे.”

“मी छापलं काय? आम्ही कोणाचं नाव घेत नाही बा. बडग्यावर कधीच नाव नसते. आता त्यानंच आपल्या हातानं छापून ठेवलं तं काय करतो?”

मी घाबरले. नको म्हणाले, हात धरला. दादा म्हणाले, बरं, विचार करून सांग, आणि जाताना एक दुपट्टा खांद्यावर टाकून घेऊन गेले. मित्रांना दाखवतो म्हणून. मी कोणालाही काही सांगितलं नाही. पण मावशी माझ्या ओट्यावर बसून तांदूळ निवडत होत्या. संध्याकाळी त्या दळण घेऊन चक्कीवर गेल्या. आमच्या भागात टीव्हीपेक्षा चक्की बरी. तिथे बातमी एकाच खिडकीतून सांगतात आणि सगळे ऐकतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या दारापुढे पांढरी मोठी गाडी थांबली. आमच्या गल्लीत ती वळत नाही, तरी आणली. भाऊ स्वतः उतरले. सोबत कोणी नाही, फ्लेक्सवरचं हसूही नाही. मी मशीनवर होते. उठून पदर सारखा केला आणि भिंतीला टेकून उभी राहिले. मावशी समोरच्या दारात आल्या आणि तिथेच बसल्या.

“कशी आहेस ताई?” भाऊ म्हणाले. याआधी मी त्यांची कोणी नव्हते. “मी ऐकलं की तुझे दुपट्टे अजून इथेच आहेत. मला फार वाईट वाटलं. माझ्या माणसाने मला सांगितलंच नाही बघ.”

मी खाली पाहत होते. बोलायचं खूप होतं, पण शब्द नेहमीसारखे आत पळाले.

“गरिबाचं नुकसान मला सहन होत नाही. असं कर, नऊ हजार घे आणि सगळे दुपट्टे गाडीत टाक.”

नऊ हजारांत शेठचेही फिटत नव्हते. हे सांगायला मी तोंड उघडलं आणि आवाज निघाला नाही, म्हणून परत मिटलं.

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मग दाराबाहेर मावशींकडे पाहिलं. “बरं, बारा.”

माझ्या पायाचा अंगठा फरशीवर आपोआप फिरत होता. मी त्याच्याकडे पाहत राहिले.

“ताई, धंद्यात एवढं ताणू नये. पंधरा. आता तर झालं?”

मला रडू येईल असं वाटत होतं. मी मनात म्हणत होते की हो म्हण, पंधराला हो म्हण, शेठचे फिटतील आणि चार हजार उरतील. पण माझा अंगठा फरशीवर फिरतच राहिला. दारातून मावशींचा आवाज आला, अगदी सहज, स्वतःशी बोलल्यासारखा: “मारबत परवा आहे नाही का वं?”

भाऊंनी खिशातून पाकीट काढलं, मग गाडीतून दुसरं पाकीट आणलं. अठरा हजार मशीनच्या फळीवर ठेवले. वर म्हणाले, “तू तर आमच्या प्रदेशाध्यक्षापेक्षा कडक निघालीस बाई. एक शब्द बोलली नाहीस.” माझ्या लाजण्याला आजपर्यंत कोणी एवढा मोठा मान दिला नव्हता. गठ्ठे त्यांनी स्वतः उचलले, एकेक करून. कूलरवरचाही उतरवला. “सगळे आहेत ना?” त्यांनी विचारलं. मी मान हलवली. दादांनी नेलेला एक मला तेव्हा खरंच आठवला नाही.

पुढचं आधीच सांगून टाकते, कारण ते लिहिल्याशिवाय मला राहवणार नाही. हिवाळ्यात महापालिकेची निवडणूक एकदाची लागली. नव्या पक्षाने भाऊंना तिकीट दिलं नाही. एका रात्रीत भाऊंचा जीव तिथेही गुदमरला आणि ते जुन्या पक्षात परत आले. जुन्या पक्षाच्या त्याच अध्यक्षांनी, ज्यांनी दुपट्टा टेबलावर फेकला होता, त्यांना मिठी मारली. घरवापसी म्हणाले. आणि त्या दिवशी चौकात कार्यकर्त्यांच्या गळ्यात मी माझी शिलाई ओळखली. टीप जरा जवळ घेते मी, काठ दोनदा मुडपते. तेच दुपट्टे. भाऊंनी ते जाळले नव्हते, फेकले नव्हते, इस्त्री करून ठेवले होते. आम्ही त्यांना हसत होतो, पण त्यांना स्वतःची पक्की ओळख होती. आमचे हे म्हणाले, “हा माणूस पक्षात नाही राहत, कपाटात राहते.” मतदान कोणाला केलं ते मी लिहीत नाही. ती माझी खासगी गोष्ट आहे, आणि या वहीतही एखादी गोष्ट खासगी असावी.

आता पैशाचं. पोळ्याच्या दिवशी शेठचं दुकान बंद होतं, म्हणून मी मारबतीच्या दिवशी गेले. पैसे ब्लाउजच्या आत, रुमालात. सकाळपासून इतवारीत पाय ठेवायला जागा नव्हती. गच्च्यांवर माणसं, छज्ज्यांवर माणसं. “घेऊन जा गे मारबत” असा गजर चालला होता आणि लोक आपापला ताप त्यात जोडत होते. कोणी म्हणे बिल घेऊन जा, कोणी म्हणे बॉस घेऊन जा. शेठचं शटर अर्धं खाली होतं आणि ते ओट्यावर खुर्ची टाकून बघत बसले होते.

दादांचा बडग्या आला. चार तोंडं, आठ हात, सगळे जोडलेले. गळ्यात जुन्या साड्यांच्या चिंध्या, वेगवेगळ्या रंगांच्या. पाटीवर लिहिलं होतं: जिकडे घुगऱ्या तिकडे उदोउदो करणाऱ्यास घेऊन जा. लोक हसून लोटपोट. एकाच तोंडाच्या कपाळाला एक दुपट्टा बांधलेला होता, फेट्यासारखा. त्यात फोटो आत गेला होता. दिसत होते ते फक्त दोन जोडलेले हात. दादांनी माझं ऐकलं होतं, पण अर्धंच.

शेठ पोट धरून हसले. डोळे पुसता पुसता त्यांना मी दिसले. “अरे बाई! आज? इस भीड़ में?”

मी रुमाल काढला. गर्दीत पाठमोरी उभी राहून शंभर वेळा घोकलं होतं की उशीर झाला, माफ करा, असं असं झालं. त्यातलं काही आलं नाही. मी रुमाल त्यांच्या हातात दिला. शेठनी नोटा मोजल्या. ताशांचा आवाज एवढा होता की त्यांचा हिशेब चुकला, परत पहिल्यापासून मोजल्या. मग आत जाऊन लाल वही आणली, माझ्या नावापुढे आडवी रेघ ओढली आणि वही माझ्याकडे वळवून दाखवली.

“पूरे ग्यारह. बाकी कुछ नहीं.”

“हो,” मी म्हणाले. “पूर्ण दिले.”

ते मोठ्याने म्हटलं गेलं होतं. बाजूच्या दोन बायकांनी वळून पाहिलं. शेठ शटर वर करून आत गेले, कारण मला पंचशीलाचं कापड पाहिजे होतं, आणि या वेळी ते मी रोखीने घेतलं.